एका शाळेसाठी चौतीस दिवस



आज मी आपणांस एका दूरच्या शाळेची हकिकत सांगणार आहे. ही शाळा अमेरिकेतील शिकागो शहरात आहे. तिचे नाव वॉल्टर एच. डायेट हायस्कूल.

शिकागोच्या दक्षिण भागात ब्रॉन्झव्हिल नावाची वस्ती आहे. दक्षिणेकडील राज्यांतील वर्णद्वेषाला कंटाळून लाखो कृष्णवर्णीय विसाव्या शतकात उत्तरेच्या शहरांत आले. त्यांतील पुष्कळजण येथे वसले. या भागातील सरकारी शाळांत कॅप्टन वॉल्टर डायेट संगीत शिकवीत. नॅट किंग कोल, डायना वॉशिंग्टन यांच्यासारखे कलावंत त्यांच्या हाताखाली घडले. १९६९ साली ते वारले. १९७२ साली येथे नवी शाळा उघडली, तेव्हा तिला कोणा धनिकाचे नव्हे, तर या शिक्षकाचे नाव देण्यात आले. त्याच वर्षी, कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर चळवळीपासून स्फूर्ती घेऊन, मुंबईत दलित पँथर उभी राहिली होती. १९९९ साली डायेट शाळेचे हायस्कूल झाले.

पुढे परिसरातील सरकारी घरांच्या मोठ्या इमारती पाडल्या गेल्या. कुटुंबे पांगली, पट कमी झाला. निकाल चांगले नाहीत, असे कारण देऊन २०१२ साली शिक्षण मंडळाने शाळा टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा ठराव केला. म्हणजे काय, तर नववीत नवीन प्रवेश द्यायचे नाहीत. मित्रहो, शाळेला कुलूप एका दिवसात लागत नाही. आधी प्रवेश थांबतात, मग शिक्षक जातात, विषय कमी होतात. आणि शेवटी, मुलेच नाहीत तर शाळा कशाला, असे विचारले जाते. २०१५ च्या जूनमध्ये शेवटची तुकडी बाहेर पडली आणि शाळा बंद झाली. त्याआधी २०१३ साली त्याच शहरात एका ठरावाने सुमारे पन्नास शाळा बंद झाल्या होत्या. त्यांतील बहुसंख्य मुले कृष्णवर्णीय होती.

परंतु ब्रॉन्झव्हिलचे लोक गप्प बसले नाहीत. त्यांनी शाळा कशी चालवावी याची स्वतःची योजना तयार केली. तिची दखल घेतली जाईना, तेव्हा १७ ऑगस्ट २०१५ रोजी बाराजण उपोषणास बसले. त्यांत पालक होते, आजी होत्या, कार्यकर्ते होते. उपोषण ३४ दिवस चालले. अखेर प्रशासनाला शाळा पुन्हा उघडण्याचे मान्य करावे लागले. २०१६ साली ती कलाशिक्षणाचे हायस्कूल म्हणून सुरू झाली. लोकांची योजना जशीच्या तशी स्वीकारली गेली नाही, हेही सांगितले पाहिजे. पण वस्तीची शाळा वस्तीत राहिली, आणि डायेट सरांचे नावही राहिले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर याच अमेरिकेत शिकले. १९४६ साली त्यांनी तेथील कृष्णवर्णीयांचे विचारवंत डू बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतील साम्य दाखविले होते. तेव्हा ही हकिकत आपल्याला परकी नाही.

आपल्या वस्तीतील महापालिकेच्या शाळेचा पट आज किती आहे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत. त्या बैठकीला जा. प्रश्न विचारा. उपोषणाची पाळी येण्यापूर्वीच जागे व्हा, एवढीच माझी कळकळीची विनंती.

जय भीम!