रिपोर्टमध्ये जाहिरात हरवते तेव्हा

(वरोर इथे तरुण-तरुणींसमोर केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



तुमच्यापैकी बरेच जण घरात बसून, मोबाइलवर किंवा लॅपटॉपवर दुसऱ्यांच्या जाहिरातींचं काम करता. कुणी होमस्टेची जाहिरात चालवतं, कुणी क्लासची, कुणी चिकूच्या पदार्थांची. आपल्या भागातल्या घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामुळे आता बाहेरचे लोकही नाव घेऊन विचारतात. हे काम चांगलं आहे. पण यात दुसऱ्याचा पैसा आपल्या हातात असतो. म्हणून आज मी माझी एक चूक सांगणार आहे.

आपल्याच तालुक्यातल्या एक खाला चिकूचे चिप्स आणि पावडर विकतात. पाच-सहा बायका त्यांच्याकडे पॅकिंगला येतात. त्यांची वेबसाइट आणि फेसबुकची जाहिरात माझ्याकडे होती. दोन महिन्यांनी गूगल अॅनालिटिक्सचा रिपोर्ट काढला, तर पैसे देऊन आणलेल्या ग्राहकांच्या रकान्यात जवळजवळ काहीच नाही. बहुतेक ऑर्डरी ‘ऑरगॅनिक सोशल’, ‘डायरेक्ट’ आणि ‘रेफरल’ या नावांवर. मी सांगून टाकलं, “खाला, जाहिरात बंद करा, पैसे वाया जातायत.” त्यांनी बंद केली. पुढच्या आठवड्यात ऑर्डरी एकदम कमी झाल्या आणि पॅकिंगच्या बायकांना घरी बसावं लागलं. खालांनी एवढंच विचारलं, “बेटा, तू नीट बघितलं होतंस ना?”

मी आकडा बघितला होता. तो आकडा कसा तयार होतो, ते बघितलं नव्हतं.

किनाऱ्यावर चार होड्यांचा माल एकाच वेळी उतरला आणि टोपल्यांवर खूण नसेल, तर कुणाची मासळी कुणाच्या नावावर जाईल सांगता येत नाही. वेबसाइटचंही तसंच आहे. ग्राहक कुठून आला हे लिंकला जोडलेल्या खुणेवरून कळतं. गूगलच्या जाहिरातीत ही खूण आपोआप लागते, तिला जीसीएलआयडी म्हणतात. फेसबुकसारख्या ठिकाणी आपल्याला हातानं यूटीएमच्या खुणा लावाव्या लागतात : सोर्स, मीडियम, कॅम्पेन. खूण चुकली की जाहिरातीचं श्रेय दुसऱ्याच्या खात्यात जमा होतं.

माझ्याकडे तीन ठिकाणी गळती होती.

पहिली, नावाची. मीडियममध्ये मी नुसतं ‘सोशल’ लिहिलं होतं. अॅनालिटिक्सच्या नियमात ‘सोशल’ म्हणजे फुकटचं. पैसे दिलेलं ओळखायला मीडियम ‘पेड’नं सुरू व्हावं लागतं, किंवा त्यात ‘सीपीसी’, ‘पीपीसी’सारखा शब्द असावा लागतो. ही नावं इंग्रजी लहान अक्षरांत, एकाच पद्धतीनं लिहा आणि सगळ्यांसाठी एक शीट ठेवा.

दुसरी, वाटेत खूण गळण्याची. जुन्या पत्त्यावरून नव्या पत्त्यावर वळवताना लिंकचा मागचा भाग तुटत होता. तपासायला स्वतःच्या चालू जाहिरातीवर क्लिक करू नका, पैसे कापले जातील. खुणांसकट लिंक ब्राउझरमध्ये टाका, पान उघडल्यावर वर पत्त्यात खूण शिल्लक आहे का बघा, मग रिअलटाइम रिपोर्ट बघा.

तिसरी, पैसे भरण्याच्या पानाची. ग्राहक पेमेंटसाठी दुसऱ्या साइटवर जातो आणि परत येतो, तेव्हा ऑर्डरीचं श्रेय त्या पेमेंटच्या साइटला मिळू शकतं. अॅनालिटिक्सच्या सेटिंगमध्ये नको असलेल्या रेफरलची यादी असते, तिथे तिचं नाव घाला.

मग जुन्या रिपोर्टचं काय? मूळ चॅनेलचे नियम आपल्याला बदलता येत नाहीत. पण स्वतःचा चॅनेल ग्रुप बनवता येतो आणि तो मागच्या तारखांनाही लागू होतो. माझ्या कॅम्पेनची नावं बरोबर होती, म्हणून “हे नाव असेल तर पेड सोशलमध्ये टाक” असा नियम करून बराचसा हिशोब जागेवर आणता आला. ज्या लिंकची खूणच गळाली होती, ती माहिती मात्र कायमची गेली.

असं फक्त आपल्याकडूनच होतं असं समजू नका. जून २०२४ मध्ये खुद्द गूगलनं जाहीर केलं की काही वेबसाइटवर, विशेषतः एकाच पानावर सगळं चालणाऱ्या साइटवर, जीसीएलआयडी पुढच्या पानापर्यंत टिकत नव्हता आणि पैसे देऊन आलेले ग्राहक ऑरगॅनिक सर्चमध्ये मोजले जात होते. दुरुस्ती करताना त्यांनी जाहिरातदारांना बजेटची मर्यादा तपासायलाही सांगितलं, कारण श्रेय वाढलं की खर्चही वाढू शकतो.

इथेच आपली परीक्षा असते. जाहिरातीचं श्रेय वाढवणारी दुरुस्ती आपल्याला आवडते, कारण आपलं काम चांगलं दिसतं. पण उलटी चूकही होते. शेजारणीनं सांगितलं म्हणून ग्राहक नाव शोधतो, वर जाहिरात दिसते, त्यावर क्लिक करतो. रिपोर्ट म्हणतो, जाहिरातीनं ग्राहक आणला. म्हणून मी ऑर्डरीच्या फॉर्ममध्ये एक साधा प्रश्न ठेवला : तुम्हाला आमच्याबद्दल कुठून कळलं? रिपोर्ट वाचताना ही उत्तरं शेजारी ठेवतो. जाहिरात खात्यातले क्लिक आणि वेबसाइटवरच्या भेटीही जुळवून बघतो. ते कधीच तंतोतंत जुळत नाहीत, कारण काही लोक पान उघडण्याआधीच परत जातात. पण फरक अर्ध्याहून जास्त असेल, तर कुठेतरी खूण गळतेय.

आणि लिंकमध्ये ग्राहकाचा फोन नंबर किंवा नाव कधीही घालू नका. गूगलच्या नियमांत ते बसत नाही, आणि २०२३ पासून आपल्या देशात वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदाही आहे.

मी खालांकडे गेलो आणि चूक माझी होती असं सरळ सांगितलं. त्यांनी जाहिरात पुन्हा सुरू केली, पण आधीपेक्षा कमी पैशात, कारण नीट हिशोब मांडल्यावर दिसलं की दोनपैकी एकच जाहिरात चालत होती. पॅकिंगच्या बायका परत कामावर आल्या.

आज घरी गेल्यावर तुमची एक चालू लिंक उघडून बघा. खूण शेवटच्या पानापर्यंत टिकते का, एवढंच. नाही टिकली, तर ज्याचा पैसा आहे त्याला आजच कळवा.