वाट चुकले तेव्हा

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. चिटणीसबाई म्हणाल्या, "तुम्ही धावता, त्याविषयी काही सांगा," तेव्हा मी आधी नकारच दिला. ज्या बाईचा पहिला नंबर येतो तिने धावण्याविषयी बोलावे. माझा शेवटचाही आला नाही, कारण मी पोचलेच नाही! पण मग वाटले, पोचलेल्यांच्या हकिगती आपण पुष्कळ ऐकतो. न पोचलेल्या बाईचीही एक ऐकून घ्या.

धावायला मी चाळिशीनंतर लागले. डॉक्टरांनी साखरेची भीती घातली, म्हणून पहाटे नदीच्या अंगाने चालू लागले आणि चालण्याचे धावणे कधी झाले ते कळलेही नाही. सुरुवातीला लोक थांबवून विचारीत, "वहिनी, काय झालं? कुणाला बरं नाही का?" बाई धावताना दिसली की घरात काहीतरी संकट असणार, अशीच आपल्याकडची समजूत. बारामतीच्या लताबाई करे नऊवारी नेसून, अनवाणी शर्यतीत धावल्या, त्यासुद्धा नवऱ्याच्या उपचाराला पैसे हवे होते म्हणून. २०२० साली त्यांच्यावर चित्रपट आला, तेव्हापासून मला विचारणारे थोडे कमी झाले.

पुढे मुलाने एका डोंगरधावेत माझे नाव घातले. सिंहगडाच्या पायथ्याहून निघायचे, मधले डोंगर ओलांडायचे आणि राजगडाच्या पायथ्याला संपवायचे. अंतर ३५ किलोमीटर. महिना डिसेंबरचा. रस्ता नसतोच, झाडाझुडपांना चकचकीत फिती बांधलेल्या असतात, त्या पाहत जायचे. पाठीवरच्या पिशवीत दीड लिटर पाणी, थोडे खाणे, कपाळाला बांधायचा दिवा आणि एक शिट्टी असावी लागते. ती शिट्टी पाहून मी मुलाला म्हटले होते, "मी काय शाळेत कवायत घ्यायला चाललेय?"

पहाटे ५ वाजता सुटलो. दहाच्या सुमारास तिसऱ्या पाणवठ्यावर पोचले, तेव्हा माझ्या मागे दोघेच उरले होते. गावात सगळ्यांना सांगून आले होते. शेवटचा नंबर घेऊन परत कशी जाऊ, हा विचार डोक्यात शिरला. पुढे लाल सदऱ्यातला एक गृहस्थ धावत होता. मनाशी म्हटले, याला गाठायचेच. तेव्हापासून मी फिती पाहण्याचे सोडले आणि लाल सदरा तेवढा पाहू लागले. एका वळणावर तो दिसेनासा झाला. मग खाली दरीच्या बाजूला पुन्हा लाल दिसले. मी एक ढोरवाट धरून सरळ त्या रोखाने उतरले. अर्ध्या तासाने जवळ जाऊन पाहते, तर नाचणीच्या कापलेल्या खाचरात बुजगावणे उभे! त्याच्या अंगात लाल सदरा.

आज तुम्ही हसता, तशी त्या क्षणी मीही हसले. पण मागे वळून पाहिले आणि हसू थांबले. एक वाट म्हणून मी उतरले होते, तिथे मागे वर चार-पाच वाटा फुटलेल्या होत्या. गुरे चरायला जातात तशा त्या जातात. माणसाला कुठे पोचवायचे हे त्यांचे काम नव्हे. मोबाईलला रेंज नव्हती. खरे तर त्याच वेळी शेवटची फीत जिथे पाहिली तिथपर्यंत चढून जायला हवे होते. पण उतरलेला चढ पुन्हा चढायचा जिवावर आला आणि मला वडिलांचे शब्द आठवले. ते म्हणत, "वाट चुकलीस तर पाण्याच्या मागं जा, गाव सापडतं."

भगिनींनो, हे शब्द आपल्याकडे अगदी खरे आहेत. आपल्या मुलखात कुठलाही ओढा धरा, तो तुम्हाला भीमेकाठी आणून सोडतो आणि भीमेकाठी गाव असतेच. सिंहगडाच्या उत्तर उतारावरचे पाणीसुद्धा मुठेत जाते आणि मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळून मग आपल्या गावावरून वाहते. मी मात्र डोंगराच्या दक्षिणेला होते. तिकडचे पाणी गुंजवणीत, गुंजवणीचे नीरेत, आणि नीरा भीमेला भेटते ती पार खाली नरसिंहपूरला. शिवाय सह्याद्रीचा खडक हा लाव्ह्याचे थर एकावर एक बसून झालेला आहे, जिन्याच्या पायऱ्यांसारखा. ओढा काही अंतर सपाटीने जातो आणि एकदम पायरीवरून खाली कोसळतो. पावसाळ्यात आपण ज्यांना धबधबे म्हणून पाहायला जातो, त्याच ह्या पायऱ्या. वडिलांचा सल्ला चुकीचा नव्हता. मी तो चुकीच्या मुलखात वापरला.

कोरड्या ओढ्यातून दोन तास उतरले. दोन्ही बाजूंना कारवीचे रान. ही कारवी सात वर्षांनी एकदा फुलते म्हणतात. मला तिची फुले पाहायला मिळाली नाहीत, काटक्याच तेवढ्या मिळाल्या. दंड सोलवटले. एका दगडावरून पाय सरकला आणि घोटा मुरगळला. पाणी संपले. आणि मग ओढाच संपला. पुढे मोकळी हवा आणि खाली साठ-सत्तर हात खोल कडा.

तिथे मी बसले आणि रडले. हे सांगायला आज मला संकोच वाटत नाही. घरी कोणकोणती कामे राहिली आहेत ते आठवू लागले. सासूबाईंच्या गोळ्या कोणत्या डबीत आहेत, हे माझ्याखेरीज कुणाला ठाऊक नव्हते, त्याचेच राहून राहून वाईट वाटत होते.

आता खरी कबुली देते. अगदी तेव्हासुद्धा मी हाक मारली नाही. शिट्टी पिशवीतच होती. दूरवर गुरांच्या गळ्यातली घंटा ऐकू येत होती, म्हणजे माणूस जवळ होते. पण मोठ्या वयाच्या बाईने "वाचवा, वाचवा" म्हणून ओरडायचे कसे? लोक म्हणतील, कुणी सांगितले होते धावायला? असे तोंड शिवून मी आणखी दीड तास घालवला. लंगडत, हाताने मुळ्या धरत थोडी वर चढले. चार वाजले, उन्हे कलली, तेव्हा भीतीने लाजेवर मात केली.

शिट्टी फुंकली. मग सासूबाईंनी एकदा करून दाखवलेली हाक मारली. त्यांच्या तरुणपणी पैलतीरी जायचे असले की काठावर उभे राहून नावेला हाक घालावी लागे. दोन्ही हात तोंडाशी धरायचे आणि "ओऽऽ" असे लांबवायचे. शब्द वाऱ्यावर विरतात, सूर पोचतो, असे त्या सांगतात. मी सूर लांबवला, थांबले, पुन्हा लांबवला. चौथ्या-पाचव्या हाकेला वरून उत्तर आले, "हाल्लू नगंस! हितंच ऱ्हा!"

गवळी धनगराची एक म्हातारी बाई म्हशी हाकत होती. ती अनवाणी पायांनी, काठी टेकत, मी दोन तासांत उतरले ते अंतर अर्ध्या तासात आडवाटेने उतरून आली. आली ती रागावतच. "मघाधरनं इथं हायेस आन् वरडली का न्हाईस? म्या दुपारधरनं वरच हुते!" मला काही उत्तर सुचले नाही. तिने आपल्या झोपडीत नेऊन तांब्याभर ताक आणि नाचणीची भाकरी दिली, घोट्याला फडके बांधले आणि अंधार पडता पडता मला गाडीरस्त्याला लावले. पैसे देऊ केले, तर म्हणाली, "ताकाचं कुनी पैकं घेतंय व्हय?"

रस्त्यावर मुलगा उभा होता. तो काहीच बोलला नाही, नुसता हात धरून राहिला. मागाहून कळले की मला शोधायला स्वयंसेवकांपैकी दोन पोरे दुपारीच रानात शिरली होती. ती रात्री आठला परतली, काट्यांनी ओरबाडलेली. कुणाची तरी लेकरे माझ्या लाजेपायी अंधारात फिरत होती. शर्यत पुरी झाली नाही याचे दुःख त्या क्षणी गेले. हे दुःख अजून आहे.

घरी आल्यावर मी अशा हकिगती वाचू लागले. मावरो प्रोस्पेरी नावाचा एक इटालियन धावपटू १९९४ साली सहाराच्या वाळवंटातल्या शर्यतीत वादळात सापडून चुकला आणि मोरोक्कोतून थेट अल्जीरियाच्या हद्दीत गेला. नऊ-दहा दिवसांनी बकऱ्या राखणाऱ्या एका लहान मुलीच्या तो दृष्टीस पडला, म्हणून जगला. चीनमध्ये २२ मे २०२१ रोजी डोंगरातल्या १०० किलोमीटरच्या शर्यतीत अचानक गारठा, पाऊस आणि वारा आला. २१ धावपटू दगावले. त्याच डोंगरात एका मेंढपाळाने सहाजणांना आपल्या आसऱ्याच्या गुहेत आणून शेकोटीपाशी बसवले आणि वाचवले. वाळवंट असो, चीन असो की आपले मावळ, हरवलेल्याला सापडवणारा गुराखीच निघाला. कारण तो त्या रानात शर्यतीला आलेला नसतो. त्याचे घरच तिथे असते.

आपल्या शिवारातही दरसाल मेंढ्यांचे वाडे येतात. त्यांच्या बायका बिऱ्हाड घोड्यावर लादून, लेकरे घेऊन आपल्या बांधावरून जातात. हंडाभर पाणी मागायला आल्या तर आपण कधी कधी दार पुढे करतो. मी स्वतः केलेले आहे. आता करवत नाही.

शेवटी थोडे कामाचे. आपल्यापैकी आठ-दहाजणी पहाटे चालायला निघणार आहेत, याचा मला फार आनंद आहे. उसात बिबट्या आहे हे आपण जाणतो, तेव्हा उजाडल्यावर निघावे, एकटीने जाऊ नये, घरी सांगून जावे. गळ्यात शिट्टी असू द्या. मंडळाने ती सगळ्यांना द्यावी, अशी अध्यक्षबाईंना माझी विनंती आहे. अडचणीत मोबाईलवरून ११२ लावता येतो. आणि कधी अनोळखी रानात वाट चुकलीच, तर पुढे धावू नका. थांबा, शेवटची ओळखीची खूण आठवा, तिथवर मागे फिरा. ते जमत नसेल तर एका जागी बसा आणि हाक मारा.

ही हाक रानापुरती नाही, हे तुम्हाला मी वेगळे सांगायला नको. घरातही आपण कितीदा चुकलेल्या वाटेने उतरत राहतो. दुखणे अंगावर काढतो, कर्ज लपवतो, मार लपवतो, आणि घंटा ऐकू येण्याइतके माणूस जवळ असताना गप्प बसतो. लोक काय म्हणतील, याच भीतीने. त्या म्हातारीने मला एवढेच विचारले होते, "वरडली का न्हाईस?" ह्या मंडळात कुठल्याही बाईला असे विचारायची वेळ येऊ नये. तिने हाक मारावी, आणि आपल्यापैकी कुणीतरी वरून म्हणावे, "हितंच ऱ्हा, आले!"