आधी दिवा बघा

श्रोतेहो, वेळ थोडा आहे, म्हणून मुद्द्याचं आधीच सांगून टाकतो. छोट्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकलं आणि स्क्रीन काळाच राहिला, तर लगेच पुन्हा लिनक्स टाकायला बसू नका. आधी दिवा बघा.

बोलतोय मी रास्पबेरी पायबद्दल. हा बोर्ड २९ फेब्रुवारी २०१२ ला विक्रीला आला, म्हणजे बिचाऱ्याचा वाढदिवससुद्धा चार वर्षांतून एकदा! आता तो आपल्या कॉलेजच्या पोरांच्या दप्तरात असतो. माझ्या शाहूपुरीतल्या भाच्याकडे चार नंबरचा पाय आहे. एका रविवारी पठ्ठ्यानं चार वेळा त्याचं मेमरी कार्ड पुसलं, चार वेळा भरलं. जेवण निवून गेलं. मी विचारलं, बोर्डावरचा हिरवा दिवा काय म्हणतोय? तर म्हणे, "मामा, दिव्याकडं कोण बघतंय?"

आता मला सांगा, गुऱ्हाळात चुलवाण पेटेना, म्हणून काहिलीतला रस ओतून देऊन कुणी नवा रस भरतं का? जाळ घालणारा गडी आधी धुराड्याकडं बघतो. धूरच नाही, तर काडी लागली नाही. नुसता कोंदट धूर, तर चिपाड ओलं. इथं काडी म्हणजे वीज, चिपाड म्हणजे कार्ड आणि रस म्हणजे तुमचं लिनक्स. वीज आली की बोर्डातला छोटा प्रोग्राम जागा होतो, कार्ड चाचपतो, त्यावरून कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, उचलतो. मग कर्नल पुढचा संसार मांडतो. जाळ जिथं थांबला, तिथं खोट. रसाचा काय दोष?

लाल दिवा विजेचा. तो मिचमिचत असेल तर वीज कमी पडतेय. चार नंबरच्या बोर्डाला ५ व्होल्ट, ३ अँपियर लागतात आणि तुम्ही लावता मोबाइलचा जुना चार्जर, वर बारीक वायर! ४.६३ व्होल्टच्या खाली आलं की बोर्ड कुरकुरतो.

हिरवा दिवा कार्डाचा. भाच्याचा दिवा चारदा लुकलुकायचा, थांबायचा, पुन्हा चारदा. याचा अर्थ ठरलेला आहे: सुरुवातीची फाईल सापडत नाही. सातदा लुकलुकला तर कर्नल सापडत नाही. भाच्यानं काय केलं होतं? पेनड्राइव्हवर गाणी टाकावीत तशी लिनक्सची इमेज फाईल कार्डावर नुसती कॉपी केली होती. ती तशी चालत नाही, इमेजरसारख्या प्रोग्रामनं कार्डावर उलगडून लिहावी लागते. दिवा सकाळपासून तेच सांगत होता आणि हा चार वेळा तीच चूक करत होता. म्हणून म्हणतो, आधी दिवा.

आणखी एक. पडद्यावर अक्षरं धावली आणि मधेच थांबली, तर चिपाड पेटलं, पण... ते कर्नलला सूचना देणाऱ्या 'सीएमडीलाइन' फाईलचं प्रकरण मोठं आहे, आणि स्टुडिओच्या काचेपलीकडून मला वेळ संपल्याचा हात दाखवतायत. पावसाळ्यात लाईट जाते तेव्हा कार्डाचं काय होतं, तेही राहिलंच.

तोवर एवढं करा. आज रात्री बोर्ड चालू झाला नाही, तर कार्ड काढू नका. त्याच्यासमोर मिनिटभर बसा आणि मोजा, चार की सात.