देखरेखीचे यंत्र बंद पडते तेव्हा

(शासकीय संगणक कक्षांतील कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षण वर्गात केलेले भाषण)

आपल्या कक्षांतील मोजक्या सर्व्हरांवर अनेक आभासी यंत्रे चालतात. जन्ममृत्यूचे दाखले, जमिनीचे उतारे, पगाराची देयके ही कामे त्यांच्यावर अवलंबून असतात. व्हीएमवेअरच्या प्रणालीत या सर्वांवर देखरेख ठेवणारे उपकरण म्हणजे व्हीसेंटर. ते स्वतःही एक आभासी यंत्रच असते. त्याचे अपडेट अर्ध्यावर फसले आणि नेहमीचा पडदा उघडेनासा झाला, तर काय करावे, हा आजचा विषय आहे.

आमच्या कक्षावर हा प्रसंग एका रात्री आला. दुसऱ्या दिवशी पगाराची देयके निघावयाची होती. सर्व सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करावेत, असे मी ठरविलेच होते. इतक्यात एका जुन्या ऑपरेटरबाईंनी विचारले, "साहेब, देयकांचे यंत्र तर चालू आहे. मग बंद काय पडले?"

त्या प्रश्नाने आम्ही सावरलो. मुकादम आजारी पडला म्हणून मजुरांचे हात थांबत नाहीत. आभासी यंत्रे ईएसएक्सआय सर्व्हरांवर चालतात व व्हीसेंटरवाचूनही चालू राहतात. एखादा सर्व्हर बंद पडल्यास त्यावरील यंत्रे दुसरीकडे सुरू करणारी एचए योजना आधी लावून ठेवली असेल, तर तीही कार्य करते. थांबते ते चालू यंत्रांचे स्थलांतर, भाराची वाटणी आणि व्हीसेंटरमार्फत होणारे बॅकअप. सबब, विचार करावयास वेळ असतो. सर्व्हर बंद केले असते, तर चालू काम आम्हीच बंद पाडले असते.

यानंतर कारण शोधावे. उपकरणाचे स्वतःचे व्यवस्थापन-पान 5480 या पोर्टवर उघडते. तेथे कित्येकदा 'अपडेट चालू आहे' एवढेच दिसत राहते. अपडेटच्या स्थितीची नोंद एका लहानशा फाइलीत असते. संबंधित सेवा थांबवून ती फाइल बाजूस काढली व सेवा पुन्हा सुरू केली, की पान मोकळे होते. तथापि, नोंद पुसली म्हणजे अर्धवट राहिलेले काम पुरे झाले, असे मुळीच नव्हे. आमच्याकडे लॉगची डिस्क पूर्ण भरली होती, हे मूळ कारण होते. अशा अर्धवट उपकरणावर ठिगळे लावीत बसण्यापेक्षा अपडेटपूर्वीच्या स्नॅपशॉटकडे परतणे श्रेयस्कर.

पण परतावे कोठून? व्हीसेंटर बंद असल्याने, ते ज्या सर्व्हरवर आहे त्यात थेट प्रवेश करावा लागतो. तो सर्व्हर कोणता, हे आम्ही लिहून ठेवले नव्हते. एकेक सर्व्हर उघडून शोधण्यात बराच वेळ गेला. अनेक व्हीसेंटर परस्परांशी जोडलेले असतील, तर ते सर्व एकाच वेळी बंद ठेवून स्नॅपशॉट घ्यावेत आणि परततानाही सर्वांनी एकदमच परतावे. अन्यथा त्यांच्यातील नोंदी जुळत नाहीत.

स्नॅपशॉट नसेल, तर फाइल-बॅकअपचा आधार असतो. ही सोय 6.5 या आवृत्तीपासून, म्हणजे 2016 पासून, उपकरणातच आहे. बॅकअप ज्या बिल्डचा, त्याच बिल्डचे नवे उपकरण उभारून त्यात तो उतरवावा. जुने उपकरण आधी बंद करावे. बॅकअपला सांकेतिक कुलूप घातले असेल आणि पासवर्ड हरवला असेल, तर तो बॅकअप असून नसल्यासारखा. नेटवर्क डिस्ट्रिब्यूटेड स्विचवर असल्यास एक 'एफेमरल' पोर्टग्रुप आधीच राखून ठेवावा. एरवी व्हीसेंटर बंद असता नव्या उपकरणास जोडणीच मिळत नाही.

मित्रहो, पहाटेपूर्वी आमचे उपकरण पूर्ववत झाले आणि देयके वेळेवर निघाली. त्याचे श्रेय रात्रीच्या धावपळीस नाही. अपडेटपूर्वी घेतलेल्या स्नॅपशॉटला व बाईंच्या त्या प्रश्नाला आहे. तेव्हापासून उपकरणाचा सर्व्हर, त्याचा पत्ता, बिल्ड क्रमांक आणि बॅकअपचे ठिकाण यांची नोंद आम्ही कागदावर करतो आणि पासवर्ड मोहोरबंद पाकिटात ठेवतो. अपडेट यशस्वी झाल्याची खात्री पटताच स्नॅपशॉट काढूनही टाकतो, कारण तो वाढत जाऊन जागा खातो. आपणही आपल्या कक्षात परतताच प्रथम हा कागद तयार करावा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.