ऑटॉप्सी: या शब्दात प्रेतही नाही आणि सुरीही नाही

आजचा शब्द आहे ऑटॉप्सी.

काय आलं डोळ्यांसमोर? टेबल, पांढरी चादर आणि 'सीआयडी'मधले डॉ. साळुंखे, बरोबर? मराठीत आपण याला शवविच्छेदन म्हणतो. शव म्हणजे प्रेत, विच्छेदन म्हणजे कापून वेगळं करणं. बोलताना तर थेट 'चिरफाड'. त्यामुळे घरातलं माणूस गेलेलं असताना हा शब्द कानावर पडला की नातेवाइकांच्या अंगावर काटा येतो.

पण ऑटॉप्सी हा शब्द जरा उघडून बघू. ग्रीकमध्ये 'ऑटोस' म्हणजे स्वतः आणि 'ऑप्सिस' म्हणजे पाहणं. स्वतःच्या डोळ्यांनी पाहणं, बस्स! प्राचीन ग्रीसमधले अनुभववादी वैद्य रोग्याचं स्वतः निरीक्षण करायचे, त्याला 'ऑटोप्सिया' म्हणायचे. इतरांनी पाहून लिहून ठेवलेलं ते 'हिस्टोरिया'. आपली 'हिस्ट्री' आली ती याच शब्दातून. आणि गंमत म्हणजे, या वैद्यांना प्रेत कापणं निरर्थक वाटायचं!

मग पाहण्याचा संबंध प्रेताशी का जुळला? कारण न पाहण्याची किंमत मोठी होती. दुसऱ्या शतकातल्या गेलननं माकडं आणि इतर प्राणी कापून शरीररचना लिहिली. पुढे हजारएक वर्षं तोच शेवटचा शब्द. विद्यापीठात प्राध्यापक उंच आसनावरून पोथी वाचणार, खाली दुसराच कोणी प्रेत कापणार. वेसालियसनं स्वतः सुरी हातात घेतली. १५४३ साली छापलेल्या ग्रंथात त्यानं दाखवलं की माणसाचा खालचा जबडा गेलन म्हणतो तसा दोन हाडांचा नाही, एकाच हाडाचा आहे. इतकी साधी गोष्ट! समोर होती, पण पोथीपुढे डोळ्यांवर कोण विश्वास ठेवणार?

आपल्याकडे सुश्रुतसंहितेत तर पद्धतच दिली आहे. प्रेत गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात घालून वाहत्या पाण्यात ठेवायचं. सात रात्रींनी बाहेर काढून वाळा, बांबू वगैरेंच्या कुंचल्यानं हळूहळू घासायचं आणि त्वचेपासून एकेक थर डोळ्यांनी पाहायचा. शास्त्रात वाचलेलं आणि प्रत्यक्ष पाहिलेलं, दोन्ही जुळलं की ज्ञान वाढतं, असं सुश्रुत सांगतो.

'प्रत्यक्ष' म्हणजे काय? प्रति अधिक अक्ष, डोळ्यांसमोरचं. म्हणजे ऑटॉप्सीचा खरा जुळा भाऊ शवविच्छेदन नाही, 'प्रत्यक्ष' आहे!

मी सॉफ्टवेअरवाला. सर्व्हर कोसळला की नंतर आमच्याकडेही मीटिंग होते, तिला चक्क 'पोस्टमॉर्टेम' म्हणतात. लॅटिनमध्ये अर्थ एवढाच, मृत्यूनंतर. अशा मीटिंगमध्ये 'मला वाटतं डेटाबेसच असणार' म्हणणारे दहा जण असतात. लॉग उघडून बघणारा एखादाच. पोस्टमॉर्टेम सगळ्यांनी केलं, ऑटॉप्सी त्या एकानं केली.

तेव्हा पुढच्या वेळी फॉरवर्ड आलेला मेसेज 'असं म्हणतात' म्हणून पुढे ढकलण्याआधी हा शब्द आठवा. भेटू पुढच्या भागात!