खांद्यावरचा नांगर



चित्राविषयी बोलायला चित्रकाराला बोलवावे, असा रिवाज आहे. मी कामगार चळवळीतला माणूस. पण भिंतीला खळ लावून कागद चिकटवणे आणि तो लोकांनी वाचावा म्हणून खटपट करणे, यात माझी तीस वर्षे गेली. तेव्हा भिंतीवरच्या कागदाविषयी चार शब्द बोलण्याइतका अधिकार मला आहे, असे मानून चालतो.

पुस्तकाकडे वाचक आपण होऊन जातो. पोस्टरला मात्र रस्त्याने जाणारा माणूस थांबवावा लागतो. तो पाळीवर निघालेला असतो, हातात डबा असतो, आणि त्याला वाचता येत असेलच असे नाही. अशा घाईच्या माणसाला एका नजरेत एक गोष्ट सांगायची, ही पोस्टरची अट. आपल्याकडे ती लवकर ओळखणाऱ्यांत कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांचे नाव येते. नाटकाचे पडदे रंगवलेला तो हात. त्यांच्या १९२४ सालच्या ‘कल्याण खजिना’चे पोस्टर हे आज टिकून असलेल्या भारतीय चित्रपटांच्या पोस्टरांत सर्वांत जुने मानले जाते.

आज मी एकच उदाहरण घेणार आहे. मेहबूब खान यांचा ‘मदर इंडिया’ १९५७ साली आला. त्याची पोस्टरे अनेक निघाली. पण लोकांच्या ध्यानात राहिले ते नर्गिसच्या खांद्यावर लाकडी नांगर असलेले. ते का राहिले, हे पाहू.

पहिली गोष्ट, त्यात काय गाळले आहे ती. चित्रपटात राजकुमार, सुनील दत्त, राजेंद्रकुमार असे नट होते. लग्न होते, होळी होती, पूर होता, मुलगा डाकू झाला होता आणि आईनेच त्याच्यावर गोळी झाडली होती. बंदूक रंगवली असती तरी गर्दी जमली असती. चित्रकाराने हे सारे बाजूला सारले आणि एक बाई व एक अवजार एवढेच पुढे केले. डोळे अर्धवट मिटून ते पोस्टर पाहा. बारकावे जातात, पण बाई आणि नांगर उरतात. वीस पावलांवरून हाच आकार दिसतो.

दुसरी गोष्ट रेषेची. उभी रेषा स्थिर वाटते, आडवी विसावलेली वाटते, तिरपी मात्र पडू पाहते. नांगराचे लाकूड तिरपे आहे, म्हणून त्याचे वजन डोळ्याला लागते. ही विद्या हमालाला शिकवावी लागत नाही. पाठीवरचे पोते कलले की काय होते, ते त्याला ठाऊक असते.

तिसरी गोष्ट नजरेची. ओझे खाली दाबते आहे आणि चेहरा वर उचललेला आहे. एकाच आकृतीत दोन विरुद्ध जोर आहेत. मान खाली असती, तर पाहणारा हळहळला असता आणि पुढे गेला असता. मान वर आहे म्हणून हळहळीबरोबर आदरही उपजतो.

चौथी गोष्ट अक्षरांची. चित्र आधी बोलते, मग अक्षरे नाव सांगतात. दोघांनी एकदम ओरडायचे नाही. आपल्या मोर्च्यांची पत्रके काढून पाहा. अकरा मागण्या आणि अकराही ठळक ठशात! जिथे सगळेच ठळक, तिथे काहीच ठळक नाही. महागाईभत्त्याची मागणी पुढची असेल, तर बाकीच्या दहांनी जरा मागे उभे राहावे.

आता दुसरी बाजू. या पोस्टरवर सावकार नाही. चित्रपटात राधेच्या कपाळी हे हाल येतात ते सासूने घेतलेल्या ५०० रुपयांच्या कर्जापासून, सुखीलालाच्या वहीपासून. मेहबूबांच्या कंपनीच्या बोधचिन्हात विळा-हातोडा होता, तरी पोस्टरवर कष्ट आहेत आणि कष्टाचे कारण नाही. ज्या नेमकेपणाने चित्र परिणाम साधते, त्याच नेमकेपणाने ते हा प्रश्न बाहेर ठेवते. म्हणून ते सावकाराच्या माडीसमोरही निर्धास्त चिकटवता येते आणि सावकारही ते पाहून डोळे पुसू शकतो. कष्टाचे गौरवचित्र लावून कष्टकऱ्याची मजुरी मात्र तशीच ठेवणारे लोक आपण पुष्कळ पाहिले आहेत.

असे फलक रंगवणाऱ्यांचेही तेच झाले. परातींवर चढून पंचवीस-पंचवीस फुटी चेहरे रंगवणाऱ्यांतून एखादा हुसेन पुढे नावारूपाला आला. बाकीच्यांचे नाव कोपऱ्यातही राहिले नाही. १९९० नंतर यंत्रावर छापलेले फलक आले आणि त्यांचे कामही गेले.

म्हणून पोस्टर पाहताना दोन प्रश्न विचारावेत. माझा डोळा कशाने थांबला? आणि ज्याने हे ओझे लादले, तो चित्रात कुठे आहे? पहिल्याचे उत्तर चित्रकार देतो. दुसऱ्याचे उत्तर द्यायला माणसांना एकत्र बसून बोलावे लागते, आणि अशा व्याख्यानमाला त्यासाठीच असतात.