समुद्रातील वादळ आणि शेतातील बियाणे



अक्षय्य तृतीयेला बुलढाणा जिल्ह्यातील भेंडवळ गावी घटमांडणी होते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पावसापाण्याचे भाकीत ऐकावयास दूरदूरचे शेतकरी जमतात. त्यांना हसणे सोपे आहे. परंतु ज्याच्या घरात एकदाच पेरता येईल एवढे बियाणे आहे, त्याला पावसाचा अंदाज हा कुतूहलाचा विषय नसतो. पुढे जूनमध्ये समुद्रात वादळ उठल्याची वार्ता येते, तेव्हाही तीच आशा पुन्हा जागी होते.

समुद्रातले प्रत्येक वादळ पाऊस घेऊन येत नाही. २०२३ साली ६ जूनला अरबी समुद्रात ‘बिपरजॉय’ उठले, बाष्प आपल्याभोवती ओढीत उत्तरेकडे गेले आणि १५ जूनला गुजरातेत जखाऊजवळ किनाऱ्यावर आदळले. केरळात ८ जूनला पोचलेल्या मोसमी पावसाला सारा महाराष्ट्र व्यापावयास २५ जून उजाडला. २०१९ च्या ‘वायू’ वादळानेही पावसाची वाट अशीच अडविली होती.

२०२३ चा पुढचा खरीप अधिक बोलका आहे. जुलैत घाटाखालील संग्रामपूर व जळगाव जामोद तालुक्यांत अतिवृष्टीने शेते खरवडून नेली. त्यानंतरचा ऑगस्ट हा १९०१ पासूनच्या नोंदींत देशातील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. ऑक्टोबरअखेर राज्य शासनाने ज्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यांत घाटावरील बुलढाणा आणि लोणार होते. एकाच जिल्ह्यात, एकाच हंगामात पूर आणि दुष्काळ! पावसाची सरासरी काढून या दोहोंची वजाबाकी करता येते. शेतकऱ्याचे नुकसान मात्र दोन्हीकडे बेरजेनेच वाढते.

शासनाचा टंचाई आराखडा जूनअखेर संपतो. जणू पहिली सर आली की दुष्काळ उठला! वस्तुतः शेतकऱ्याची खरी परीक्षा तेथूनच सुरू होते. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याखेरीज पेरू नका, असे कृषी खाते सांगते. सल्ला रास्त आहे. पण पेरणी लांबली तर उत्पन्न घटते आणि पेरून पावसाने दडी मारली तर दुबार पेरणी. सल्ला चुकला तर देणाऱ्याचे बियाणे जात नाही. जाते ते सोयाबीन पेरणाऱ्याचे, आणि दुसऱ्या पिशवीसाठी त्याला सावकाराचे दार दिसते. त्यात २०२५ च्या खरिपापासून राज्यातील पीकविम्यातून, पावसाअभावी पेरणीच न झाल्यास मिळणारी भरपाई वगळण्यात आली. म्हणजे नेमकी पहिली जोखीम एकट्या शेतकऱ्याच्या माथी आली.

१९७२ च्या दुष्काळातून महाराष्ट्राने एक धडा घेतला होता. लाखो हात कामाविना राहणे हा त्या हातांचा दोष नव्हे, हे मान्य करून १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला आणि काम हा हक्क ठरला. तोच न्याय पेरणीला का लागू नये? विहिरींना पाणी येईपर्यंत टँकर आणि पीक हाती येईपर्यंत मागेल त्याला काम चालू राहावे. दुबार पेरणीचे बियाणे पेरणीच्या दिवसांतच गावात मिळावे. वगळलेली भरपाई विम्यात परत यावी.

वादळ कोणत्या दिशेने वळेल, हे कोणत्याही सरकारच्या हाती नाही. ते वळल्यावर भार कोणी वाहायचा, एवढे मात्र पूर्णपणे सरकारच्याच हाती आहे.